‘युगान्तय’ सुटा पाहू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वाचनकट्ट्यावर एखादा सिंहली सिनेमा दाखवायचं ठरलं, कुणीतरी श्रीलंकेचे दिग्दर्शक लेस्टर जेम्स पेरिस यांचा ‘युगान्तय’ सुचवला, तुम्ही तो आधी घरी पाहिलात आणि हिरमुसलात. कारखानदार बाप, लंडनहून शिकून आलेला मुलगा, मुलगा कामगारांच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि घर दुभंगतं. तुमचं म्हणणं असं की हे आपण हिंदी-मराठीत शंभरदा पाहिलंय, आणि याहून रंगतदार पाहिलंय. इथला मुलगा तर पत्रक वाचल्यासारखा बोलतो. मग हा दाखवायचा कशासाठी?

मी बरीच वर्षं फिल्म सोसायटीचं काम करते. सिनेमे निवडणं, सुरू होण्याआधी चार शब्द बोलणं आणि दिवे लागल्यावर चर्चा हाकणं हे माझ्या वाट्याला येतं. पेरिस यांचे सिनेमे त्यात पुन्हा पुन्हा आले आहेत. तुमची तक्रार खोटी नाही. पेरिस यांच्या उत्तम कामात मी ‘युगान्तय’ धरत नाही. पण कोरडेपणाचं मोठं कारण तुम्ही तो सुटा पाहिलात हे आहे. एका लांबलचक गोष्टीच्या तिसऱ्या अंकाला तुम्ही येऊन बसलात. बापलेकाचं भांडण म्हणून पाहिला की तो फिका पडतो. या बापाकडे एवढा पैसा आला कुठून आणि मुलाच्या बंडाचा खर्च कोण करतंय, असं विचारत पाहिला की त्याच प्रसंगांना वजन येतं.

आता आधीचे दोन अंक. मार्टिन विक्रमसिंघे (1890–1976) हे आधुनिक सिंहली कादंबरीतलं सर्वांत मोठं नाव. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉलजवळ कोग्गल म्हणून गाव आहे, तिथले. त्यांच्या तीन कादंबऱ्यांवरून पेरिस यांनी तीन सिनेमे केले: ‘गम्पेरळिय’ (1963), ‘कलियुगय’ आणि ‘युगान्तय’ (1983). पहिल्याचा आपल्याशी एक धागा आहे. 1965 साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘गम्पेरळिय’ला सुवर्णमयूर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. आपल्याकडची जुनी फिल्म सोसायटीवाली माणसं पेरिस यांचं नाव घेतात ते बहुतेक तेव्हापासून.

‘गम्पेरळिय’मध्ये दक्षिणेतल्या गावातलं मोठं घर आहे, महागेदर. घरमालक मुहन्दिरम्, म्हणजे ब्रिटिशांनी दिलेल्या मानाच्या पदवीचा धनी. इभ्रत शाबूत, तिजोरी रिकामी. धाकटी मुलगी नन्दा हिला इंग्रजी शिकवायला पियल नावाचा तरुण येतो. दोघांचं मन जुळतं, पण पियलचं कूळ हलकं. म्हणून नन्दाला जिनदासला देतात. घराणं चांगलं, हातात काही नाही. जिनदास व्यापार करायला बेटाच्या आतल्या भागात जातो, बुडतो आणि परत येत नाही. तो मेल्याची खबर येते. दरम्यान कोलंबोत पियलकडे पैसा येतो आणि ज्या घराने त्याला उंबऱ्यावरून परतवलं होतं त्याच घराची मुलगी त्याची बायको होते. पुढे एक अनोळखी प्रेत ओळखायला नन्दाला बोलावणं येतं. ते जिनदासचं असतं आणि तो नुकताच गेलेला असतो. म्हणजे तिचं दुसरं लग्न झालं तेव्हा पहिला नवरा जिवंत होता.

हे सगळं सांगितलं कारण ‘युगान्तय’मधला गोंगाट इथून सुरू होतो. गावात कूळ मोठं होतं, शहरात पैसा मोठा झाला. दोघांनी एकमेकांशी सोयरीक केली आणि त्यातून जो वर्ग निघाला तोच पुढे कारखानदार झाला. ‘कलियुगय’मध्ये पियल आणि नन्दा कोलंबोतले श्रीमंत, उतारवयाकडे झुकलेले. मुलगा ॲलन घर सोडून इंग्लंडला गेलेला. वर्षांनंतर त्याचं पत्र येतं, आणि त्या पत्रात आईवडिलांच्या आयुष्याचा पंचनामा असतो. इथे पेरिस यांनी जे केलं ते फार थोड्या दिग्दर्शकांच्या नशिबी येतं. ‘गम्पेरळिय’मध्ये तरुण पियल-नन्दा झालेले हेन्री जयसेन आणि पुण्या हीन्देनिय हेच दोघं जवळपास दोन दशकांनी पुन्हा तीच माणसं होऊन उभे राहिले. चेहऱ्यांवरची वर्षं रंगपेटीतून आलेली नाहीत.

‘युगान्तय’मध्ये भांडवल पूर्ण वयात आलेलं आहे. इथला कारखानदार बाप, सायमन कबलान, पियलसारखा अवघडलेला नाही. त्याला कुणाची मान्यता नको, कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. त्याला कारखाना चालवायचा आहे.

या वर्गाच्या पैशाबद्दल दोन गोष्टी प्रेक्षकांना आधी सांगून ठेवा, उपयोगी पडतात. श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या सिंहली धनिकांचा सुरुवातीचा बराच पैसा गिरण्या-कारखान्यांतून आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार माडीपासून काढलेल्या अरक नावाच्या दारूच्या विक्रीचे मक्ते लिलावात द्यायचं. त्या मक्त्यांतून अनेक घराणी वर आली. मग ग्रॅफाइटच्या खाणी, नारळाच्या बागा, रबर, कोलंबोतली घरं. इतिहासकार कुमारी जयवर्धन यांनी या घराण्यांची मुळं फार बारकाईने शोधली आहेत. मक्तेदाराचा मुलगा बागायतदार, त्याचा मुलगा बॅरिस्टर, हा क्रम तिथे ठरलेला. आपल्याकडच्या अबकारी मक्तेदारांच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या असतील त्यांना हे पटकन कळेल. विक्रमसिंघेंनी ही दुनिया पुस्तकात वाचून लिहिलेली नाही. तरुणपणी कोलंबोत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिण्याचं काम त्यांनी केलं होतं.

आता सायमनच्या मुलाकडे, मालिनकडे येऊ, कारण तुमचा खरा राग त्याच्यावर आहे. तो कृत्रिम वाटतो, पुस्तकी वाटतो, कामगारांमध्ये पाहुण्यासारखा वावरतो. मला वाटतं, हे बरंचसं खरं आहे आणि बरंचसं इतिहासाला धरून आहे.

श्रीलंकेतली डावी चळवळ ज्यांनी उभी केली त्यांतले आघाडीचे लोक याच मालिनसारखे होते. लंका समसमाज पक्ष 1935 च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाला. एन. एम. परेरा आणि लेस्ली गुणवर्धन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून आलेले, कॉल्विन आर. डी सिल्वा लंडनमध्येच शिकलेले, फिलिप गुणवर्धन अमेरिकेतल्या विद्यापीठांत. बहुतेक खात्यापित्या घरांतले. वडिलांच्या पैशाने परदेशी जायचं, तिथे मार्क्स वाचायचा आणि परत येऊन वडिलांच्याच वर्गाविरुद्ध संघटना बांधायची, हा त्या पिढीचा नकाशाच होता. 1933 साली कोलंबोच्या वेल्लवत्त कापड गिरणीत संप झाला, त्यात कॉल्विन पुढे होते. दुसऱ्या महायुद्धात यांना तुरुंगात टाकलं. 1942 मध्ये कँडीच्या बोगम्बर तुरुंगातून काही जण पळाले ते भारतात आले, आणि 1943 मध्ये परेरा व फिलिप गुणवर्धन पकडले गेले ते आपल्या मुंबईत. कट्ट्यावर हे सांगितलं की लोक खुर्चीत जरा पुढे सरकतात, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा मालिन कामगारवस्तीत अवघडलेला दिसत असेल तर त्याकडे दिग्दर्शनातली चूक म्हणूनच पाहू नका. त्याची भाषा, कपडे, चालण्याची ढब, सगळं वडिलांच्या पैशातून आलेलं आहे. वडिलांशी भांडायचं धैर्यसुद्धा तिथूनच आलंय. ज्याची नोकरी संध्याकाळी जाऊ शकते तो कामगार मालकाशी असा बोलत नाही. मुलगा बोलू शकतो, कारण त्याला कामावरून काढून टाकता येत नाही. हिंदी सिनेमात असा मुलगा घर सोडतो, झोपडीत राहतो आणि दोन रिळांत ‘आपला’ होऊन जातो. इथे तसं सोपं होत नाही, आणि माझ्या लेखी हा या सिनेमाचा मोठा गुण आहे.

पण सगळंच इतिहासाच्या खात्यावर टाकून पेरिस यांना सोडून देणंही बरोबर नाही. ते इंग्रजी बोलणाऱ्या कॅथलिक घरातले, स्वभावाने हळू आवाजाचे दिग्दर्शक. त्यांचा हात बसलेला होता तो घराच्या आतल्या गोष्टींवर: माणसं एकमेकांपासून काय लपवतात, बसण्या-उठण्यात मान कसा मोजला जातो, न बोलता नातं कसं तुटतं. ‘गम्पेरळिय’मधल्या महागेदरच्या ओसरीवर जे घडतं ते कुणाला शिकवून येणार नाही. संप, सभा, घोषणा, गर्दी हा त्यांचा प्रांत नव्हता. ‘युगान्तय’मध्ये गोष्ट घरात असते तेव्हा त्यांची पकड जाणवते आणि रस्त्यावर आली की ढिली पडते. कट्ट्यावर कुणी हे बोललं तर बोलू द्या, लगेच बचावाला धावू नका. मोठ्या दिग्दर्शकाचा कमजोर सिनेमा प्रेक्षक बरोबर ओळखतात, आणि आपण तो तसा मान्य केला की चर्चा मोकळी होते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कादंबरीचं साल आणि सिनेमाचं साल यांत चौतीस वर्षांचं अंतर आहे. विक्रमसिंघेंनी ‘युगान्तय’ लिहिली 1949 साली. गोष्टीच्या क्रमाने ती शेवटची, पण लिहिली दुसरी. मधली ‘कलियुगय’ 1957 ला आली. 1949 मध्ये स्वातंत्र्य मिळून वर्ष झालेलं, 1947 च्या मोठ्या संपात पोलिसांच्या गोळीबारात एक सरकारी कारकून मारला गेल्याची आठवण ताजी, डावे संसदेत प्रमुख विरोधक. त्यामुळे ‘युग संपतंय’ म्हणताना लेखकाची नजर पुढे होती. पुढच्याच काही वर्षांत, ऑगस्ट 1953 मध्ये, तांदळाच्या दरवाढीवरून हरताळ झाला आणि पंतप्रधान डड्ली सेनानायक यांना पायउतार व्हावं लागलं. ती नजर अगदीच भाबडी नव्हती.

पेरिस यांनी तीच गोष्ट 1983 मध्ये पडद्यावर आणली तेव्हा काय उरलं होतं? तेच लंडनचे मुलगे मधल्या काळात मंत्री होऊन गेले होते. परेरा अर्थमंत्री, कॉल्विन यांचा 1972 च्या राज्यघटनेत मोठा वाटा. 1977 च्या निवडणुकीत समसमाज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. निवडून आलेल्या जे. आर. जयवर्धने यांच्या सरकारने अर्थव्यवस्था खुली केली, 1978 मध्ये कटुनायके इथे मुक्त व्यापार क्षेत्र उभं राहिलं. जुलै 1980 मध्ये सार्वत्रिक संप झाला आणि सरकारने सुमारे 40,000 संपकऱ्यांना एका झटक्यात नोकरीवरून काढलं. संपाचं कंबरडं मोडलेल्या देशात संपाचा सिनेमा आला. सायमन कबलानचं युग संपणार असं पुस्तक म्हणत होतं, आणि सिनेमागृहाबाहेर कबलान नव्याने राज्य करायला बसले होते. हे डोक्यात ठेवून पाहिलं की मालिनचं भाषण वेगळंच ऐकू येतं. तुमच्या गटात गिरणगावातली माणसं असतील तर त्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही. 1982 च्या जानेवारीत सुरू झालेला आपला गिरणी संप याच सुमाराचा.

कामगार म्हणजे नेमका कोण, हा प्रश्नही कुणीतरी काढेलच. नाही काढला तर तुम्ही काढा. श्रीलंकेतला सर्वांत मोठा संघटित कामगारवर्ग चहाच्या मळ्यांवरचा, दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळांचा. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं आणि पाठोपाठ मतही. या त्रयीचा डोळा सिंहली घरांवर आहे आणि मळ्यांचा डोंगराळ मुलूख तिच्या चौकटीच्या बाहेर राहतो. मी याला खोट म्हणत नाही, मर्यादा म्हणते. पण श्रम आणि भांडवल यांवरचा सिनेमा म्हणून दाखवायचा तर हे सांगायला हवं. ‘युगान्तय’ मॉस्कोच्या महोत्सवात स्पर्धेत होता, जुलै 1983 मध्ये. त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि त्यानंतर देशातलं मुख्य भांडण मालक-मजूर हे राहिलंच नाही.

आता नटांबद्दल. सायमनचं काम गामिणी फोन्सेका यांचं. सिंहली पडद्यावरचा सर्वांत मोठा तारा. गंमत अशी की ‘गम्पेरळिय’मध्ये हाच माणूस जिनदास होता: बुडालेला, हरवलेला, परक्या ठिकाणी बेवारस मेलेला. ज्या चेहऱ्याने पहिल्या सिनेमात पैशाअभावी नांगी टाकली तोच चेहरा शेवटच्यात पैशाचा मालक होऊन बसतो. पेरिस यांच्या मनात हे किती होतं हा वाद बाजूला ठेवा. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहणाऱ्याला ते दिसतं, आणि माझ्या दृष्टीने ‘गम्पेरळिय’ आधी दाखवण्याचं हे एकच कारणही पुरेसं आहे. दुसऱ्यांदा पाहताना फक्त फोन्सेकांकडे पाहा. सायमन दुष्ट नाही, तो ठाम आहे. खलनायकाचं हसू नाही, डोळे वटारणं नाही. आपण हे सगळं मुलासाठीच उभं केलं, असा मनोमन विश्वास असलेला बाप आहे तो. म्हणूनच त्याला मुलगा कळत नाही.

मालिन झालेले रिचर्ड डी झोयसा हे नाटकवाले, दूरदर्शनवर दिसणारे आणि पत्रकार. फेब्रुवारी 1990 मध्ये त्यांना रात्री राहत्या घरातून उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात मृतदेह सापडला. त्यांच्या आई डॉ. मनोरानी सरवणमुत्तू यांनी त्यानंतर बेपत्ता झालेल्यांच्या आयांच्या चळवळीत काम केलं. त्या वेळी गामिणी फोन्सेका सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि संसदेचे उपसभापती होते. मी या दोन गोष्टी शेजारी ठेवते ते कुणावर ठपका ठेवायला नाही. पडद्यावरचे बापलेक सात वर्षांनी कुठे होते एवढंच सांगते. मात्र हे सिनेमाआधी सांगू नका. मी तसं होताना पाहिलंय: मग लोक मालिनला पाहतच नाहीत, पुढे मारल्या गेलेल्या माणसाला पाहतात, आणि तुम्हाला खटकलेला पात्राचा पुस्तकीपणा कुणाला दिसेनासा होतो. चर्चा रंगून उतरू लागली की मग सांगा.

आता व्यवहाराचं. काय दाखवायचं हे तुमच्याकडे किती संध्याकाळी आहेत यावर ठरेल. तीन असतील तर गोष्टीच्याच क्रमाने तिन्ही दाखवा. कादंबऱ्या ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या तो क्रम अभ्यासकांसाठी ठीक, कट्ट्यावर गोंधळ होतो. दोन असतील तर पहिला आणि तिसरा. ‘कलियुगय’ची गोष्ट मध्ये पाच मिनिटांत तोंडी सांगता येते, ‘गम्पेरळिय’ची सांगता येत नाही, तो पाहावाच लागतो. आणि एकच संध्याकाळ असेल तर, तुम्हाला आवडो न आवडो, मी ‘युगान्तय’ काढून ‘गम्पेरळिय’ लावेन. श्रम-भांडवलाचाच विषय हवा असा कट्ट्याचा आग्रह असेल तरीही. भांडवल गावात कसं शिरतं आणि लग्न कसं ठरवतं हे त्यात संपाच्या एकाही घोषणेशिवाय आहे.

प्रत कशी मिळते यावरही बरंच अवलंबून. 2008 मध्ये कान महोत्सवात ‘गम्पेरळिय’ची नूतनीकरण केलेली प्रत दाखवली गेली होती, तशी चांगली प्रत मिळवायचा प्रयत्न करा. धूसर प्रतीत ओसरीवरचा उजेड-सावलीचा खेळ मातीमोल होतो. जाहीर खेळ असेल तर हक्कांची परवानगी आधी, हॉल नंतर. आणि इंग्रजी उपशीर्षकं ज्येष्ठ मंडळींना झेपत नाहीत, त्यात सिंहली नावं कानावर नसलेली. मी दाराशीच मराठीत अर्धं पान देते: कोण कुणाचा कोण, साल कोणतं, गाव कोणतं. शेवट त्यात लिहीत नाही.

चर्चेत पहिला प्रश्न ‘बाप बरोबर की मुलगा?’ असा टाकू नका. पाच मिनिटांत दोन तट पडतात आणि मग प्रत्येक जण आपल्या घरातलंच भांडण भांडू लागतो. पियल श्रीमंत झाला नसता तर नन्दाच्या घरच्यांनी त्याला जावई केलं असतं का, इथून सुरुवात करा. मालिनपर्यंत लोक आपोआप येतात.